स्क्रीनवर उलटा करून पाहिलेला बैल प्रत्यक्षात वेगळाच निघाला. तुमचा काय अनुभव?

वेलांटी:
एका संग्रहालयाच्या संकेतस्थळावर मातीचा छोटा बैल आहे. त्याचं थ्रीडी मॉडेल बोटाने फिरवता येतं. सहज उलटा केला, तर पोटाखाली ओल्या मातीत उमटलेला अंगठा! रेघांसकट. कडेला नख रुतल्याची चंद्रकोरही दिसत होती. मॉडेलवरच्या पट्टीने मोजला, तर तो माझ्या करंगळीपेक्षा जेमतेम रुंद. लहान मुलाने केला असेल का? पुढे कित्येक रात्री झोपण्याआधी मी तो ठसा बघायचे.

मागच्या महिन्यात मुद्दाम त्याला भेटायला गेले. काचेच्या कपाटात, सात-आठ खेळण्यांच्या गर्दीत होता. गुडघ्यांवर बसले, मान वाकडी केली, तरी पोट काही दिसेना. पण एक पाय आखूड असल्याने तो डावीकडे कलतो, हे तिथे कळलं. घरी मी त्याला इतकी फिरवत होते की तो उभा कसा राहतो हे कधी पाहिलंच नव्हतं. आणि केवढासा होता! डोळे भरून आले.

तेवढ्यात एक जण कपाटाचा फोटो काढून तसाच पुढे गेला. वाईट वाटलं. पण मग मनात आलं, ठसा तर मलाही स्क्रीननेच दाखवला. आधी घरी पाहून जावं की कोऱ्या नजरेने? तुम्ही काय करता?

नोंदवही:
मी वस्तूंचं दस्तऐवजीकरण करतो, म्हणून ठशाबद्दल आधी. माती वाळताना आणि भाजताना आकसते, तिच्याबरोबर ठसाही लहान होतो. त्यामुळे मुलाचाच अंगठा असं लगेच ठरवू नका. शक्यता मात्र आहे.

असं मॉडेल करताना आम्ही वस्तूचे शेकडो फोटो काढतो, प्रत्येकात आधीच्या फोटोचा बराचसा भाग पुन्हा येईल असे. मग वस्तू आडवी करून तेच सगळं परत. सॉफ्टवेअर त्यातल्या समान खुणा जुळवून आकार उभा करतं. काच किंवा चकचकीत धातू असेल तर ते फसतं, कारण चमक प्रत्येक फोटोत जागा बदलते. आणि वजन कशातच येत नाही. पोकळ खेळणं उचलताना हात नकळत जपून वागतो, ते मला अजून कुठल्याच स्क्रीनवर भेटलेलं नाही.

पाटीवरचा नोंदणी क्रमांक टिपून घेतलात का? तो देऊन संग्रहालयाला लिहा. अभ्यासासाठी वेळ ठरवून वस्तू कपाटाबाहेर दाखवण्याची सोय बऱ्याच ठिकाणी असते.

पायवाट:
फोटो काढून पुढे जाणाऱ्यांत मीही होतो. लिंडा हेंकेल या मानसशास्त्रज्ञ बाईंचा २०१४ चा प्रयोग वाचला आणि सवय बदलली. त्यांनी लोकांना संग्रहालयात फिरवून काही वस्तू नुसत्या बघायला आणि काहींचे फोटो काढायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी फोटो काढलेल्या वस्तू लोकांना कमी आठवल्या. पण झूम करून एखादाच भाग टिपला, तेव्हा ही घट दिसली नाही. आता मी आधी नुसता बघतो. फोटो काढलाच तर एका कोपऱ्याचा, एका भेगेचा.

तरी त्या माणसावर रागावू नका. २ सप्टेंबर २०१८ ला ब्राझीलचं राष्ट्रीय संग्रहालय जळालं, तेव्हा तिथल्या विद्यार्थ्यांनी लोकांकडे जुने फोटो मागितले होते.

सुकाणू:
अलास्कातल्या त्लिंगित लोकांची देवमाशाच्या रूपातली एक टोपी अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संग्रहालयाने २००५ साली त्यांच्या कुळाला परत केली. पुढे कुळाच्याच संमतीने ती स्कॅन करून तिची प्रतिकृती यंत्राने लाकडात कोरली, रंगवली. ही प्रतिकृती संग्रहालयात राहते, मूळ टोपी कुळाच्या समारंभांत डोक्यावर चढते. वेलांटीताई, काचेआड ठेवायला प्रतिकृती आणि माणसांत नांदायला अस्सल, ही वाटणी मला फार आवडते.

वेलांटी:
आकसण्याचं माझ्या ध्यानीमनी नव्हतं. आता तो अंगठा थोडा मोठा करून डोळ्यांसमोर आणतेय.

क्रमांक पाटीच्या फोटोत मिळाला. कालच संग्रहालयाला लिहिलं. पोट दाखवाल का, असं विचारलंय, आणि वजनही.