मदत हवी आहे: डेस्मोप्रेसिन आणि रात्रीचं पाणी

मुलगा 8 वर्षांचा, वजन 24 किलो, रात्री झोपेत अंथरूण ओलं करतो. लघवीचा रिपोर्ट, साखर नॉर्मल, बद्धकोष्ठता नाही. संध्याकाळचं दूध बंद केलं, रात्री बाराला उठवून पाहिलं, कॅलेंडरवर चांदण्या चिकटवल्या. शून्य फरक. आता बालरोगतज्ज्ञांनी रात्री लघवी कमी तयार व्हावी म्हणून डेस्मोप्रेसिन 0.2 मिग्रॅ, झोपताना एक गोळी दिलीय. तिसरा आठवडा चालू आहे, या आठवड्यात मेणकापड चार रात्री कोरडं!

अडचण पाण्याची. गोळीच्या तासभर आधीपासून पुढचे 8 तास फक्त घोटभर, नाहीतर रक्तातलं सोडियम उतरतं, असं बजावलंय. पण फुटबॉलहून आला की हा बाटली रिकामी करूनच खाली ठेवतो. काल झोपायच्या अर्ध्या तासापूर्वी तेच. मी गोळी दिलीच नाही. चादर ओली झाली, पण चादर धुणं परवडलं.

डोकेदुखी, मळमळ नाही. दुसरं औषध चालू नाही. ताप-उलटी-जुलाबात गोळी बंद ठेवायची, हे माहीत आहे. डॉक्टर सोमवारी भेटतील, त्यांना विचारणारच आहे.

तोवर, ज्यांच्या मुलांना ही गोळी होती त्यांनी सांगा: अशा रात्री तुमच्या डॉक्टरांनी गोळी सरळ चुकवायला सांगितली होती, की उशिरा द्यायला? आणि मध्ये सोडियम तपासून घेतलं होतं का?