किडनी छापून मिळणार म्हणून अवयवदान सोडायचं?

खानापूरकर:
काल एकाने या ग्रुपवर लिहिलं, ‘दहा वर्षांत थ्रीडी प्रिंटरवर जिवंत पेशींचे थर देऊन किडनी छापून मिळेल, अवयवदानाचे फॉर्म आता भरू नका.’ रात्रभर डोळ्याला डोळा नाही. धाकटा भाऊ आठवड्यातून तीनदा पहाटेच्या बसनं बेळगावला डायलिसिसला जातो. त्याच्या हातावरच्या फिस्टुलावर, म्हणजे डायलिसिससाठी जोडलेल्या रक्तवाहिनीवर, बोट ठेवलं की थरथर लागते. त्याला दहा वर्षं थांब म्हणू? सगळ्यात बारीक रक्तवाहिनीपासून, केशवाहिनीपासून, सुमारे 200 मायक्रॉनपलीकडे (0.2 मिलिमीटर) पेशी प्राणवायूवाचून मरतात. पातळ पापुद्रा छापता येईल, किडनी कशी?

टिळकवाडी:
मीच लिहिलं. दादा, फॉर्मचं चुकलं. पण अमेरिकेतल्या डॉ. अटालांनी रुग्णांच्याच पेशी वाढवून केलेले मूत्राशय बसवले, 2006 ला ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलंय. 2022 ला अमेरिकेत एका बाईला तिच्याच पेशींचा छापलेला कान बसवला. हैदराबादेत छापलेला कॉर्निया, म्हणजे बुबुळावरचा पारदर्शक पडदा, सशाच्या डोळ्यात बसवलाय.

खानापूरकर:
अटालांनी ज्यावर पेशी वाढवल्या ते साचे हातानं केलेले, प्रिंटरचे नव्हेत. कानाच्या कूर्चेत आणि कॉर्नियात रक्तवाहिन्याच नसतात, म्हणून तिथं जमतंय. आणि तो सर्जन मॅकियारिनी विसरलास? 2011 ला स्वीडनमध्ये प्लास्टिकच्या श्वासनलिका बसवल्या, माणसं गेली. 2023 ला त्याला तुरुंगवासाची शिक्षा झाली.

निपाणीची लेक:
किडनी छापाल तेव्हा छापा, संमतीपत्र मराठीत कधी छापणार? आईच्या ऑपरेशनआधी सहा पानं कन्नडमध्ये पुढं केली, ‘इथं सही करा.’ तिसऱ्या पानावर पेनानं गोल केलेला. त्यात काय होतं, आजही माहीत नाही.

चिकोडी:
ताई, ऱ्हायचं कर्नाटकात तर कन्नड शिका की. माझी पोरं शिकली.

निपाणीची लेक:
मलाही येतं. बाजारात भाव करायचं कन्नड वेगळं, भुलीचे धोके वाचायचं वेगळं. 2023 ला महाराष्ट्रानं कर्नाटकातल्या 865 सीमावर्ती गावांना आरोग्य योजना दिली, तर त्यावरून दोन सरकारं भांडली. आजारी माणसानं कुठं जायचं?

चिकोडी:
प्रत्येक गोष्टीत सीमाप्रश्न आणू नका.

निपाणीची लेक:
टाके माझ्या आईच्या पोटावर पडले. त्याला सीमाप्रश्न म्हणता?

चिकोडी:
बरं. सही करणाऱ्याला कागद कळलाच पाहिजे, एवढं मानतो. पुढचं नाही.

खानापूरकर:
मूळ मुद्द्यावर या. टिळकवाडी, छापलेल्या पापुद्र्यांवर औषधं तपासता येतात, हे मलाही मान्य. पण ‘फॉर्म भरू नका’ काढ. कुणीतरी खरं मानेल.

टिळकवाडी:
काढलं. ‘दहा वर्षांत’ही काढलं. बाकी एक अक्षर बदलणार नाही.