निवेदन दिलं, फोटो काढला... पुढे?

टेकडी_रोड :
मागच्या डिसेंबरात आमच्या पाणी समितीचं निवेदन घेऊन नागपूर अधिवेशनाला गेलो होतो. चौदा पानं, सह्यांची पुरवणी वेगळी. आमदारांच्या पीएने ते गठ्ठ्यावर ठेवलं आणि "पोचलं समजा" म्हणाला. बाहेर टपरीवर एक मुरलेला कार्यकर्ता भेटला. "चौदा पानं कोण वाचतं? एक पान आणा, त्यावर लक्षवेधीचा, म्हणजे आमदाराने सभागृहात मंत्र्यांचं लक्ष वेधायच्या सूचनेचा, मजकूर तयारच ठेवा. तारांकित प्रश्न, म्हणजे मंत्र्यांना सभागृहात तोंडी उत्तर द्यावं लागतं तो, तर अधिवेशनाच्या कितीतरी आधी द्यावा लागतो." पन्नाशी उलटली, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. नागरिकशास्त्रात २८८ आमदार पाठ केले, संपलं. आमदार-नगरसेवकांच्या प्रशिक्षणाला भाईंदरजवळ उत्तनला म्हाळगी प्रबोधिनी आहे. त्यांच्या दारात उभं राहणाऱ्यांना कोण शिकवणार? आपलं काम सरकारकडून कसं करून घ्यायचं, हा विषय कॉलेजात रीतसर आणा, लॉबिंगसकट, म्हणजे निर्णय आपल्या बाजूने व्हावा म्हणून नेत्यांकडे जोर लावण्यासकट. बिल्डरांना ते येतंच.

खडूस_काका :
लॉबिंग म्हणजे इस्त्री केलेला वशिला. अमेरिकेत निदान १९९५ चा कायदा आहे. कोण कुणासाठी लॉबिंग करतो, किती पैसे घेतो, याची नोंद द्यावी लागते. आपल्याकडे तसा कायदाच नाही. मग शिकवणार काय, सेटिंग? आणि असा कोर्स निघालाच, तर लाखांत फी भरलेली पोरं तुमच्या पाणी समितीत येणार नाहीत. पक्षाच्या वॉर रूममध्ये, निवडणुकीचे डाव आखायला जातील.

आडवी_बाटली :
काका, आमच्याकडे बायकांनी दारूचं दुकान मतदानाने बंद केलं. आडव्या बाटलीला, म्हणजे दुकान बंद करायच्या चिन्हाला, मतदार यादीतल्या एकूण बायकांपैकी निम्म्याहून जास्त मतं लागतात, मतदानाला आलेल्यांपैकी नव्हे. घरी बसलेली बाई म्हणजे दुकानदाराचंच मत! हे कळल्यावर आम्ही भाषणं बंद केली आणि यादी घेऊन बसलो. कोण माहेरी, कोण ऊसतोडीला, कुणाला कोण आणणार. एका आजींना त्यांच्या नातवाने मोटारसायकलवर आणलं, तोही अर्धा झिंगलेला. हे आम्हाला एका ताईंनी शिकवलं. शिकवता येतं.

खडूस_काका :
त्या ताईंनी फी घेतली होती का?
आणि रणनीतीनेच सगळं होत असतं तर दाभोलकरांचं काय? जादूटोणाविरोधी कायद्यासाठी वर्षानुवर्षं आमदारांना भेटले, आक्षेप आले तशी कलमं बदलली. अध्यादेश निघाला तो २० ऑगस्ट २०१३ ला त्यांचा खून झाल्यावर, आठवड्याच्या आत. हे कुठल्या पेपरात विचारणार?

टेकडी_रोड :
काका, हे वाचून थोडा वेळ गप्प बसलो. पण आठवड्याच्या आत निघाला कसा, तेही बघा. मसुदा तयार होता. आक्षेपांवर घासून झालेला होता. तो नसता तर श्रद्धांजली झाली असती, समिती नेमली असती, आणि फाईल अजून मंत्रालयात फिरत असती. मी शिकवा म्हणतो ते हेच, मसुदा करून ठेवणं. नोंदणीच्या कायद्याचं तुमचं म्हणणं मात्र मान्य. तो आधी हवा.

आडवी_बाटली :
फी नाही घेतली. एसटीचं भाडंही स्वतःच भरलं.

खडूस_काका :
मग अशा ताईंना कॉलेजात बोलवा, मी पहिल्या बाकावर बसतो. पण त्या नेट-सेट, म्हणजे प्राध्यापकीची पात्रता परीक्षा, पास नाहीत म्हणून विद्यापीठ त्यांना आत घेणार नाही, लिहून ठेवा.