शब्दचर्चा : ‘कार्यकर्ती’, ‘कार्यकर्त्या’ आणि मधला ‘आणि’

धागाकर्ती :

आमच्या वाचनालयात ८ मार्चला एक छोटं चित्रप्रदर्शन आहे. नाटक-सिनेमात नाव कमावलेल्या आणि तितक्याच जोमाने चळवळीत उतरलेल्या बायका, असा विषय. प्रत्येकीच्या फोटोखाली दोन ओळींचा मजकूर लिहायचं काम माझ्याकडे आलं आणि पहिल्याच ओळीत मी अडकले.

शबाना आझमींच्या फोटोखाली लिहिलं, ‘ज्येष्ठ अभिनेत्री आणि सामाजिक कार्यकर्त्या’. वर्तमानपत्रात आपण हे रोज वाचतो, कानाला काही खटकत नाही. पण कागदावर पाहताना प्रश्न पडला. ‘अभिनेत्री’ तशीच राहिली, मग ‘कार्यकर्ती’ची ‘कार्यकर्त्या’ का झाली? बाई तर एकच. आदर दाखवायचा तर दोन्ही शब्दांत दिसायला हवा ना?

दुसरी अडचण जास्त छळते आहे. सुषमा देशपांडे १९८९पासून सावित्रीबाई फुल्यांवरचा एकपात्री प्रयोग करत आल्या. त्या प्रयोगात अभिनय कुठे संपतो आणि कार्य कुठे सुरू होतं? तिथे ‘अभिनेत्री आणि कार्यकर्ती’ लिहिलं की सकाळी एक काम, संध्याकाळी दुसरं, असं वाटतं. हा ‘आणि’ काढून टाकणारा एखादा शब्द मराठीत आहे का?

प्रतिसाद १ :

‘समाजसेविका’ लिहा. सोपा शब्द, सगळ्यांना कळतो.

प्रतिसाद २ :

समाजसेविका नको. सेवेत देणारी आणि घेणारी अशी दोन टोकं असतात आणि देणारीचा हात वर असतो. १९८६ साली मुंबईत झोपड्या पाडल्या गेलेल्या लोकांबरोबर शबाना आझमी उपोषणाला बसल्या. मागणी होती निवाऱ्याच्या हक्काची. घोंगड्या वाटणं ही सेवा, तीही चांगलीच. पण ज्यांचं घर गेलं त्यांच्या शेजारी उपाशी बसून सरकारकडे हक्क मागणं याला सेवा म्हणत नाहीत. ‘कार्यकर्ती’च बरोबर.

प्रतिसाद ३ :

व्याकरणाचा प्रश्न फार चांगला आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

अभिनेता, नेता, निर्माता, वक्ता, कार्यकर्ता हे सगळे संस्कृतातले ‘-तृ’ प्रत्ययाचे शब्द. संस्कृत नियमाने त्यांची स्त्रीलिंगी रूपं अभिनेत्री, नेत्री, निर्मात्री, वक्त्री, कार्यकर्त्री. मराठीने त्यातली ‘अभिनेत्री’ जशीच्या तशी ठेवली. बाकीच्यांना घरचं वळण लावलं. आपल्याकडे ‘कर्ती’ आधीपासून आहेच : घरातली कर्ती बाई, कर्तीसवरती मुलगी. त्याच वळणावर कार्यकर्ती, निर्माती. आणि एकदा शब्द घरचा झाला की त्याचं अनेकवचनही घरचं होतं. काठी-काठ्या, वाटी-वाट्या, तशी कार्यकर्ती-कार्यकर्त्या. ‘अभिनेत्री’ला मात्र तत्सम, म्हणजे संस्कृतातून जशाच्या तशा आलेल्या शब्दांचा नियम लागतो, म्हणून एक अभिनेत्री, दहा अभिनेत्री. ‘त्या’ म्हणताना आपण आदरार्थी अनेकवचन करतो. ते दोन्ही शब्दांत केलेलंच आहे, फक्त एकात दिसतं आणि दुसऱ्यात दिसत नाही. तेव्हा तुमची ओळ अगदी शुद्ध आहे.

या घराण्यातला सगळ्यात मजेशीर शब्द ‘नेत्या’. ‘पक्षाच्या नेत्या म्हणाल्या’ असं आपण सर्रास लिहितो. त्याचं एकवचन? ‘नेती’ कुणी म्हणत नाही. ‘प्रमुख वक्त्या’चंही तेच, ‘वक्ती’ ऐकू येत नाही. बाईला या जागांवर बसवलं ते थेट आदरार्थी रूपात.

आणि अभिनेत्री व नेत्या एकाच धातूच्या आहेत. नी, म्हणजे नेणे. ‘अभि’ म्हणजे च्या दिशेने. अर्थ प्रेक्षकाकडे नेणं म्हणजे अभिनय. त्यामुळे तुमच्या दुसऱ्या अडचणीवर माझं म्हणणं असं, की शब्दाच्या पोटातच उत्तर आहे. अभिनेत्री ही मुळात काहीतरी लोकांपर्यंत नेणारी बाई.

प्रतिसाद ४ :

वरच्या प्रतिसादाला पुरवणी. ‘कार्यकर्ती’मध्ये एक खाच आहे आणि ती मला वर्षानुवर्षं टोचते. ‘कार्यकर्ते आले’, ‘कार्यकर्त्या आल्या’ इथवर ठीक. पण विभक्ती लावा. कार्यकर्ते + नी = कार्यकर्त्यांनी. कार्यकर्त्या + नी = कार्यकर्त्यांनी. ‘कार्यकर्त्यांनी घोषणा दिल्या’ या वाक्यात क्रियापद घोषणांच्या मागे जातं, म्हणजे तिथूनही सुगावा लागत नाही. मोर्चात नव्वद बायका आणि दहा पुरुष असले तरी वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे झेंडे घेतलेले पुरुषच येतात. अभिनेत्यांनी आणि अभिनेत्रींनी यांत असा गोंधळ होत नाही. म्हणून मोर्चाची बातमी लिहिताना मी ‘कार्यकर्त्या बायकांनी’ असं मुद्दाम लिहिते. संपादनात कुणी ‘बायकांनी’ खोडलं तर परत घालते.

प्रतिसाद ५ :

‘कलावंत’ चालेल का? अभिनय, लेखन, गाणं सगळं त्यात येतं.

प्रतिसाद ६ :

चालेल, पण त्याला स्त्री-प्रत्यय लावू नका. कलावंत म्हणजे कलेचा धनी. ‘कलावंतीण’ म्हटलं की अर्थ कुठल्या कुठे जातो. नाचगाण्यावर पोट असलेल्या, पैसेवाल्यांच्या मर्जीवर जगायला लावलेल्या बाईसाठी तो शब्द वापरला गेला. गोव्यात तर देवळांत गाणाऱ्या-नाचणाऱ्या बायकांच्या अख्ख्या समाजाला तो चिकटला. पुरुषाला लावला की मान आणि बाईला लावला की बोल, अशी ही जोडी. ‘नट’ आणि ‘नटी’चंही थोडंफार तेच झालं. ‘नटी’ म्हणताना आवाज आपोआप हलका होतो.

उलट ‘शाहीर’ बघा. शाहिरीण असं मी कुणाच्या तोंडी ऐकलेलं नाही. शीतल साठे यांना लोक सरळ ‘शाहीर शीतल साठे’ म्हणतात. आणि तुम्हाला ‘आणि’ नसलेला शब्द हवाय ना? हाच तो. डफ घेऊन अन्यायावर गाणाऱ्याला ‘शाहीर आणि कार्यकर्ता’ अशी फोड करावी लागत नाही, ‘शाहीर’ म्हटलं की दोन्ही आलं. ‘जलसा’, म्हणजे गाण्या-संवादांतून चळवळीचा विचार मांडणारा कार्यक्रम, तोही तसाच. सत्यशोधकांनी तो उभा केला, आंबेडकरी चळवळीने पुढे नेला. शीतल साठे यांच्या संचाच्या नावातही आज ‘महाजलसा’ आहे.

‘कलापथक’ही त्याच रांगेतला. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात वसंत बापटांची गीतं, लीलाधर हेगडे यांचा आवाज आणि सुधा वर्दे यांचं नृत्य असायचं. त्या शब्दात कला आहे आणि पथकही आहे, म्हणजे शिस्तीने एकत्र निघालेली माणसं. स्मिता पाटीलही सेवा दलाच्या वातावरणात वाढली. उणीव एवढीच, की पथकाला नाव आहे, त्यात नाचणाऱ्या एकटीला नाही.

धागाकर्ती :

सगळ्यांचे आभार. ‘नेणे’ कळल्यापासून ‘अभिनेत्री’ शब्दाकडे मी निराळ्या नजरेने बघते आहे.

एक फोटो मात्र अजून पट्टीशिवाय होता, ज्योती म्हापसेकर यांचा. त्या व्यवसायाने ग्रंथपाल, म्हणून वाचनालयाला त्यांच्याबद्दल विशेष माया. त्यांची स्त्री मुक्ती संघटना १९७५ सालची, आणि मुलगी जन्मल्यावर घरात पडणाऱ्या चेहऱ्यांवरचं त्यांचं नाटक १९८३चं. नाव ‘मुलगी झाली हो’. त्या नावातला ‘हो’ काढून पाहा, नुसती बातमी उरते. ‘हो’मुळे ती दवंडी होते, गावाला ऐकवायची. संघटनेच्याच बायकांनी ते वस्त्यावस्त्यांत केलं. पुढे कचरा वेचणाऱ्या बायकांना संघटित करण्याचं मोठं काम त्यांनी उभं केलं. आता यांना नाटककार आधी म्हणू की कार्यकर्ती?

आज सकाळी पट्ट्या पूर्ण केल्या. शीतल साठे यांच्या फोटोखाली ‘शाहीर’, एवढंच. सुषमा देशपांडे यांच्याखाली ‘रंगकर्मी’. कुणी सुचवला नाही, पण कर्म त्यात आहेच आणि तो लिंग विचारत नाही. शबाना आझमींच्या पट्टीत ‘आणि’ ठेवला, कारण तिथे खरोखर दोन कामं आहेत, पडद्यावरचं आणि उपोषणाच्या मांडवातलं. ज्योतीताईंच्या फोटोखाली लिहिलं, ‘कार्यकर्ती. नाटक हे त्यांच्या कार्यातलं एक.’