म्युनिक १९३८: चेंबरलेनने वेळ मिळवला, पण कुणाचं देऊन?

वाचनवेडा: काल इथे कुणीतरी लिहिलं, 'म्युनिक करारामुळे ब्रिटनला तयारीला वर्ष मिळालं, चेंबरलेन उगाच बदनाम झाला.' वाचून डोकंच फिरलं. त्या करारात ब्रिटनचा पंतप्रधान चेंबरलेन आणि फ्रान्स यांनी युद्ध टाळायला चेकोस्लोव्हाकियाचा सुदेतनलँड हा सीमाभाग हिटलरला देऊन टाकला. वर्ष काय एकट्या ब्रिटनला मिळालं? सुदेतनलँडच्या डोंगरांत चेकांचे काँक्रीटचे बुरूज उभे होते, फौज गोळा झाली होती. एक गोळी न झाडता ते सगळं हिटलरला मिळालं. १५ मार्च १९३९ ला प्राग गेलं, स्कोडाचे शस्त्रांचे कारखानेही गेले. १९४० मध्ये जर्मन सेनानी रोमेलची डिव्हिजन फ्रान्समध्ये घुसली ती चेक बनावटीचे रणगाडे घेऊन.

तोफखाना: ते लिहिणारा मीच. सप्टेंबर १९३८ मध्ये स्पिटफायर लढाऊ विमानं ब्रिटनकडे नुकतीच यायला लागली होती, किनाऱ्यावरची रडारची साखळी अर्धवट होती. या दोन्हींशिवाय १९४० चा उन्हाळा, म्हणजे ब्रिटनवरचे जर्मन हवाई हल्ले, निभावले नसते. आणि तह म्हणजे भ्याडपणा असेल, तर पुरंदरला काय म्हणाल? २३ किल्ले दिलेच ना?

घाटमाथा: महाराजांना यात ओढू नका! महाराज स्वतः मिर्झाराजांच्या छावणीत गेले, स्वतःचे किल्ले दिले आणि १६७० पासून परत घेतले. चेंबरलेनने दुसऱ्याचा मुलूख दिला. चेक प्रतिनिधींना बोलणी चालू असताना आत घेतलं नाही, थेट निकाल हातात ठेवला.

तोफखाना: मी तहाची तुलना केली, माणसांची नाही. चिडण्याआधी नीट वाचा.

सातारकरीण: न विचारण्याचाच विषय निघालाय म्हणून लिहिते. ३ सप्टेंबर १९३९ ला व्हाइसरॉयने आपल्याला युद्धात ओढलं, कुणालाही न विचारता. त्यावरून मुंबईत खेर मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. माझे आजोबा मराठा पलटणीतून इटलीत लढले, डाव्या हाताची दोन बोटं तिथेच राहिली. भाकरी मनगटाने ताटात दाबून धरायचे आणि उजव्या हाताने मोडायचे. मोठ्या देशांनी वेळेवर हिंमत दाखवली नाही, त्याची किंमत अशा घरांनी मोजली. १९३६ मध्ये हिटलरचं सैन्य ऱ्हाइनलँडमध्ये, म्हणजे तहाने सैन्यबंदी असलेल्या जर्मन सीमाभागात शिरलं, तेव्हाच फ्रान्सने अडवायला हवं होतं.

तोफखाना: विमानांचा मुद्दा मी सोडणार नाही. रणगाड्यांचा हिशेब मात्र धरला नव्हता, तो धरायला हवा. चेकांना बोलणीत बसवायला हवं होतं, हेही मान्य. ताई, आजोबांची पलटण कोणती?

सातारकरीण: पाचवी मराठा.

घाटमाथा: आणि पुरंदर? ते आधी मागे घ्या.