ॲनोरेक्सिया: बहिणीवर घरीच सघन उपचार करायचं चाललंय, घराला झेपेल का?

थोरला_भाऊ

धाकटी बहीण 23 वर्षांची. ॲनोरेक्सिया नर्व्होसा (वजन वाढण्याच्या भीतीने खाणं टाळण्याचा मानसिक आजार), तीव्र. हॉस्पिटलात भरती केलं की वजन वाढतं, घरी आली की उतरायला लागतं, असं चाललंय. आता टीमने सुचवलंय की पुन्हा भरती न करता घरीच उपचार करू. नर्स घरी येऊन जेवणाला सोबत बसणार, आहारतज्ज्ञ आणि सायकॅट्रिस्ट घरी भेटणार, रक्त तपासायला ठरलेले दिवस. बाकीच्या वेळी आम्ही.

आई खूश आहे, लेक डोळ्यांसमोर राहील म्हणून. बाबा म्हणतात, हॉस्पिटलला जमलं नाही ते आपल्याला काय जमणार? काल रात्री ताटातल्या शेवटच्या चार घासांवर पाऊण तास गेला. आई रडली, बाबा उठून गेले, बहीण भिंतीकडे बघत बसली आणि मी आपला "अगं, संपव ना" एवढंच म्हणत राहिलो. हे दिवसातून पाच-सहा वेळा होणार असेल तर आम्ही टिकू का? ज्यांनी जवळून पाहिलंय त्यांनी सांगा. "धीर धरा" नको, ते सगळे सांगतात.

रात्रपाळी

घरी जाऊन उपचार करणाऱ्या टीममध्ये नर्स होते, आता वॉर्डात आहे. दोन्ही बाजू पाहिल्यात.

हॉस्पिटलला वजन वाढवणं जमलंच की. पण तिथे ताट समोर येतं, वेळ दुसऱ्याने ठरवलेली असते, शेजारचेही खात असतात. घरी आलं की तीच खुर्ची, तोच आरसा, जेवण टाळायच्या त्याच सवयी. त्या जिथे आहेत तिथेच मोडाव्या लागतात, घरच्या उपचाराचा खरा फायदा तो. आईच्या डोळ्यांसमोर असणं हा नव्हे.

पण आधी शरीर. घरी ठेवायचं की नाही हे नुसत्या वजनावर ठरत नाही. जागेपणी नाडी 40 च्या खाली, उठल्यावर रक्तदाब कोसळणं, चक्कर येऊन पडणं, अंग गार पडणं, ईसीजीत बिघाड, पोटॅशियम उतरणं, खाणंपिणं पूर्ण बंद होणं, जीव द्यायचे विचार. यातलं काहीही असेल तर घराचा हट्ट नको, सरळ हॉस्पिटल.

दुसरा धोका लोकांना उलटा वाटतो: ती खायला लागल्यावरचा. उपाशी शरीरात अन्न वाढलं की इन्शुलिन वाढतं, फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम पेशींमध्ये ओढलं जातं आणि रक्तातलं झपाट्याने घसरतं. हृदयाची लय बिघडू शकते. याला रिफीडिंग सिंड्रोम म्हणतात. म्हणून सुरुवातीच्या दिवसांत रक्त वारंवार तपासतात आणि आहार ठरवून वाढवतात. "खातेय ना आता" म्हणून तपासणी चुकवायची नाही आणि मायेपोटी स्वतःहून जास्त वाढायचं नाही. टीमला हेही विचारा की रिपोर्ट त्याच दिवशी कोण बघणार. उत्तर देताना चाचरले तर मला काळजी वाटेल.

आता ते चार घास. तिला पटवू नका. 1944-45 मध्ये मिनेसोटा विद्यापीठात 36 धडधाकट तरुणांना जवळपास सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं. त्यांना हा आजार नव्हता, तरी ते सतत अन्नाचाच विचार करत, पाककृती जमवत, एकेक जेवण चिवडत बसत, चिडत, खचत. भुकेल्या मेंदूशी वाद घालून काय मिळणार? टेबलावर एकानेच बोलायचं. "अवघड जातंय, दिसतंय मला. पुढचा घास घे." एवढं म्हणायचं आणि भलत्याच विषयावर बोलत राहायचं. साधारण अर्धा तास. उरलं तर त्याऐवजी पूरक पेय, आणि हे आधीच तिच्यासमोर ठरलेलं. त्या क्षणी घासाघीस नाही. जेवणानंतर तासभर कुणीतरी सोबत. वजन नर्सच घेईल, तुम्ही काट्याजवळही जाऊ नका.

आता_जेवते

मी त्या टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसलेय, म्हणून एकच जोडते. ताईंनी सांगितलं ते बरोबर आहे, पण तुमची बहीण 23 ची आहे, 13 ची नाही. माझ्या वेळी सगळं माझ्या डोक्यावरून ठरत होतं. फरक पडला तो नर्सने माझ्यासोबत बसून कागदावर लिहून घेतलं तेव्हा: जेवताना मला कोण चालेल, कोणतं वाक्य नको, मी रडले तर काय करायचं. मी लिहिलं होतं, "आईने ताटाकडे बघायचं नाही." आईला ते लागलं. पण नर्स असेल त्या जेवणाला आई पहारेकरी नसायची, माझ्याशी उगाचच्या गप्पा मारायची.

आणि नातेवाइकांना सांगून ठेवा, "तब्येत सुधारली हं" म्हणायचं नाही. मला त्याचा अर्थ फक्त "जाड झालीस" असा ऐकू यायचा.

पुरावा_दाखवा

थोडं थंड पाणी ओततो. कुटुंबाच्या हातून जेवण सुरू करायची पद्धत लंडनच्या मॉड्सली हॉस्पिटलात आकाराला आली, पहिली मोठी चाचणी 1987 ची. तिचा जोर किशोरवयीन मुलांवर, ज्यांचा आजार तीन वर्षांहून कमी जुना होता. 2014 ला लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या जर्मनीतल्या अभ्यासात 172 मुली होत्या, 11 ते 18 वयाच्या. तीन आठवडे भरती, मग अर्ध्या जणी डे-केअरला (दिवसा उपचार, रात्री घरी). वर्षाअखेर त्या भरती राहिलेल्यांपेक्षा मागे नव्हत्या. पण तोही घरचा उपचार नव्हे.

मोठ्या वयात चित्र इतकं स्वच्छ नाही. उपचारांचे निकष ठरवणाऱ्या ब्रिटनच्या नाइस या संस्थेच्या 2017 च्या मार्गदर्शनात प्रौढांसाठी खाण्याच्या विकारांकरता बेतलेली सीबीटी (विचार आणि वागणं बदलण्यावर काम करणारी थेरपी), मॅन्ट्रा (प्रौढांच्या ॲनोरेक्सियासाठीच बनवलेली थेरपी) असे पर्याय आहेत. घर ही जागा झाली, थेरपी नव्हे. नर्स जेवायला बसेल, पण थेरपी कोणती आणि कोण देणार, हे विचारलंत का?

थोरला_भाऊ

नाही विचारलं. उद्या विचारतो. बहिणीला हा धागा दाखवला, ती म्हणाली कागदाचं चालेल, पण पहिली अट ती लिहिणार. बाबा सकाळचं जेवण घ्यायला तयार आहेत, रात्रीचं नाही.

रात्रपाळी

चालेल की. सगळ्यांनी सगळं करायला गेलं तर सगळेच थकतात. वाटून घ्या, आणि आठवड्यात एक जेवण असं ठेवा जिथे तुम्ही घराबाहेर असाल. मागे लागून नर्सच्या फेऱ्या त्या वेळेला बसवून घ्या, टीम सहसा ऐकते.

आणि त्याच कागदावर हॉस्पिटलात कधी जायचं ती रेषाही आत्ताच लिहा, डॉक्टरांच्या आकड्यांसकट, खाली तिची सही. वेळ आली की ती नाही म्हणेल, आई म्हणेल अजून दोन दिवस बघू. तेव्हा कागद काढायचा आणि निघायचं.