पांदण करा, पण दोन्ही बाजू भुईसपाट कशाला?

रानवाट: कॉरिडॉर, म्हणजे प्राण्यांची ये-जा करायची वाट, म्हटलं की आपल्याकडे फक्त वाघ आठवतो. पेंचच्या जंगलातून जाणाऱ्या नागपूर-शिवनी महामार्गाखाली महाराष्ट्राच्या हद्दीत प्राण्यांसाठी ९ मार्ग केले, चांगलंच झालं. पण जेमतेम दीड किलोची वाघाटी (छोटं रानमांजर), उदमांजर, साळिंदर यांचा कॉरिडॉर म्हणजे आपले धुरे (शेताच्या कडा), नाले अन् पांदणी (शेतात जायच्या वाटा). पांदण रस्त्याच्या कामाला जेसीबी लागला की बोराटी, निरगुडी, पळस सगळं मुळासकट जातं. रस्ता हवाच. एका बाजूची झुडपं ठेवली तर काय बिघडतं?

कपाशीवाला: पावसाळ्यात आमच्या पांदणीत बैलगाडी रुतून राह्यते, ते काढाले वाघाटी येते काय? अन् बोराटीत दिवसभर रानडुक्कर बसते, रात्री तुरीत. जिथं झुडूप तिथं डुक्कर, हे आमाले शिकवू नका.

रानवाट: डुकराचं काय, ते उभ्या तुरीतही बसतं. झुडूप गेल्याचा फटका उंदीर खाणाऱ्यांना बसतो, उंदराला नाही. तो धुऱ्यात, बांधात, कुठंही बीळ करतो. वाघाटी-मुंगूस तुटक्या तुकड्यांत अडकले की उंदराला रान मोकळं.

मोरीवाला: झुडपांवरच का अडता? छोट्या प्राण्याला मोठा पूल नको, नाल्यावरची साधी मोरी पुरते. आमच्याकडे मोरीतल्या ओल्या गाळात मुंगसाचे बारीक ठसे असतात, उदमांजराचेही. तोंडाशी आडोसा हवा अन् पाणी तुंबायला नको, एवढंच. उन्हाळ्यात कोणी तिथलं गवत पेटवलं की ठसे बंद. अंदाजपत्रकात मोरी घालून घ्या, बैलगाडीचं पाणीही निघेल.

कपाशीवाला: मोरी चालते. झुडपाचं भेव वेगळं आहे. २२ मे २०२५ ले सुप्रीम कोर्टानं विदर्भातलं झुडपी जंगल वनच धरलं. उद्या धुऱ्यावरची बोराटी मोजाले वनखातं आलं तं?

रानवाट: ते महसूल दप्तरात झुडपी जंगल म्हणून नोंदलेल्या जमिनींबद्दल आहे. तुमच्या मालकीच्या धुऱ्याचा त्यात संबंध नाही.

कपाशीवाला: अन् पांदण कोणाची? नकाशात ते बी सरकारीच.

रानवाट: सरकारी आहे म्हणूनच ग्रामसभेत आधी ठरवता येतं. यंत्र उभं राहिल्यावर ऑपरेटरशी हुज्जत घालून काही होत नाही.

कपाशीवाला: ठरवा मंग. पण ठेवाची बाजू कोनाच्या वावराकडची? भांडण तिथंच होईन, लिहून ठेवा.